विहिरीवरची हजेरी

अगं थांब, काबाले, चहा नंतर ओत, आधी ऐक! दार्मी, तूही बस ना, उभी काय राहतेस भाडं मागायला आल्यासारखी. लॉरी सुटायला वेळ आहे, ड्रायव्हर अजून टायरला लाथा मारून बघतोय. आणि हे मी आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही ना, तर फुटेन मी.

मिळाली! शाळा मिळाली! आमच्या वस्तीला! कागद पिशवीत आहे, दाखवते, पण आधी हात पूस. तेलकट हात लावशील तर मारीन.

कशी मिळाली ते ऐकलंत तर म्हणाल, तलासो थापा मारतेय. शपथ, एक शब्द खोटा नाही.

मी अर्ज केला होता, आठवतंय? फिरत्या शाळेचा. म्हणजे एक फळा, एक पत्र्याची पेटी, पेटीत पुस्तकं नि पाट्या, आणि शिकवायला एक बाई. वस्ती उठली की सगळं उंटावर लादायचं, वस्ती बसली की उतरवायचं. आपली घरं नाही का चटया नि काठ्या गुंडाळून निघतात, तशी शाळाही निघेल. गाव एका जागी बसत नाही म्हणून पोरांनी का अडाणी राहायचं? मी मावशीकडे राहून तुमच्याबरोबर शिकले म्हणून शिकले. सगळ्यांना इथे मारसाबित शहरात मावशी असते का?

तर त्या अर्जात एक रकाना होता. 'शाळेत जाण्याच्या वयाची मुले किती?' आणि मी काय लिहिलं असेल?

लिहिलं, 'पुरेशी'.

हसू नका गं! मला तेव्हा त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही! हात आपोआप लिहून गेला. घरी कुणी विचारलं की आपण हेच सांगतो ना? अर्ज परत. मग फोन. शिक्षणाच्या ऑफिसातले किरिमी साहेब. ते तिकडचे, थंड डोंगरातले, चहाच्या मळ्यांकडचे. आपल्या उन्हात नाकाची सालं निघालीयेत बिचाऱ्यांची.

"पुरेशी म्हणजे किती?"

"म्हणजे भरपूर, साहेब."

"भरपूर हा आकडा नाही."

"आमच्यात पोरं मोजत नाहीत, साहेब."

"बरं, ते राहू दे. तुला स्वतःला भावंडं किती?"

आणि मी? "आहेत," म्हटलं.

"शेवटच्या परीक्षेत गणितात काय मिळालं होतं तुला?"

"बी प्लस."

"मग?"

"ते गणित होतं, साहेब. हे घर आहे."

मग म्हणाले, "गुरुवारी येतो. माझ्याकडे फॉर्म आहे, त्यावर छापलेल्या ओळी तीस. एका ओळीत एक मूल, आणि ते मूल माझ्या डोळ्यांसमोर उभं पाहिजे. सगळ्या ओळी भरल्या तर पेटी तुमची, फळा तुमचा, आणि बाई म्हणून तुझीच नेमणूक. एक जरी ओळ रिकामी राहिली तर ते सामान सरोवरापलीकडच्या वस्तीला. त्यांचाही अर्ज पडलाय. मग तुमचा विचार दोन वर्षांनी."

दोन वर्षं! तुम्हाला माझी गुमातो माहितीये ना, धाकटी? आता बाराची आहे. दोन वर्षांनी तिच्या हातात पाटी कोण देतंय? गळ्यात लग्नाचे मणी देतील. आणि पोरगी कशी आहे माहितीये? सुट्टीत मी तिला अक्षरं शिकवली, तर लिहायला काही नाही म्हणून शेळ्यांच्या पाठीवर लिहिते. कोळशाने! आमच्या पांढऱ्या शेळ्या आहेत ना, त्या सगळ्या अक्षरं मिरवत हिंडतात. बाबा ओरडतात, "शेळ्या आहेत का पाट्या?" ती म्हणते, "पाट्या आणून द्या, मग शेळ्या सोडते."

म्हणजे माझ्यासाठी ते फक्त शाळेचं नव्हतं, कळलं ना? गुमातोचं होतं.

मग मी काय केलं, शहाणी! वही घेतली आणि घरोघरी निघाले. म्हटलं गुरुवारच्या आधी आपणच यादी करून ठेवू. पहिलं घर वाटो काकूचं. "काकू, पोरं किती गं तुला?"

काकूच्या हातातलं दुधाचं भांडं तिथंच थांबलं. "पोरं? कुठली पोरं? इथे एक वांझ म्हातारी राहते." आणि तिच्या मागून, चटईच्या फटीतून, डोळेच डोळे बघतायत माझ्याकडे! एक तर खुदकन हसलंसुद्धा. "ते काय आहे?" म्हटलं. "वारा आहे," म्हणाली, आणि माझ्या डोक्यावर थुंकली. आपल्या म्हाताऱ्या आशीर्वाद देताना थुंकतात, तसं नव्हे हं. ते दुसरं, रागाचं.

पुढच्या घरी म्हणाली, "देवाला विचार, त्याने दिली, त्याच्याकडे हिशेब असेल." त्याच्या पुढच्या घरी, "सगळी मिळून एक, तेही आजारी." ते आजारी पोर बाहेर बोकडावर बसून बोंबलत होतं. आणि माझी सख्खी आई! "माझ्याच घरात मोजायला आलीस? ये. आधी ही काठी मोज पाठीवर."

संध्याकाळी वहीत बेरीज केली, तर सगळ्या वस्तीत मिळून पोरं सात. आणि त्यातलं एक, नंतर कळलं, कुत्रं होतं.

रडूच आलं. तशीच जिल्लो आबाकडे गेले. दार्मी, तुला नाही माहीत तो. आमच्या लाल विहिरीवर पाण्याची पाळी लावतो. कुणाच्या शेळ्या कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर, कुणाचे उंट कोणत्या दिवशी, सगळं त्याच्या डोक्यात. कागद नाही, खूण नाही. डोळ्यांवर आता पांढरा पडदा आलाय, तरी त्याने पाळी लावली की राजाचा घोडा आला तरी मागे उभा राहील.

"आबा, तुम्ही सांगा ना सगळ्यांना. एकदाच मोजू दे. एकदाच!"

"मोजलेलं तरसाच्या कानावर जातं, पोरी."

"आबा, तरसाला काय कळतंय?"

"तरसाला नसेल कळत. आईला कळतं. संध्याकाळी उंट आत येतात तेव्हा मी मोजतो का? नुसतं बघतो. कोण नाही ते दिसतं. आई बघते, कोण नाही ते दिसतं. मोजायला लागते ती सावत्र."

"पण आबा, त्या साहेबाचा फॉर्म..."

"त्याचा फॉर्म त्याची सावत्र आई असेल. आम्ही काय करू?"

बोला आता!

गुरुवार आला. सकाळी गाडीची धूळ दिसली. साहेब उतरले, टोपी, काखेत फाईल, नाक लाल. आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं, अगं, वस्तीत पोरंच नाहीत! शाळेच्या वयाची सगळी पहाटेच शेळ्यांमागे गेलेली. शेळ्यांना काय माहीत आज साहेब येणार म्हणून? मी आयांच्या मागे फिरले, मुलं थांबवा एवढंच सांगायचं राहिलं! वस्तीत उरली ती रांगणारी, नाक गळणारी, आणि दोन-तीन उंटाची पिल्लं.

साहेब म्हणाले, "हीच का पुरेशी?"

मी जी काही लेकरं होती ती कशीबशी ओळीत उभी केली. साहेबांनी फॉर्म उघडला, पेन काढलं, आणि पेनाचं टोक पहिल्या लेकराकडे करून मोठ्याने म्हणाले, "एक. दोन."

झालं! असा आरडाओरडा! वाटो काकू धावली, अंगावरची ओढणी पोरांवर टाकून दिली, जशी कोंबडीवर टोपली टाकतात. बाकीच्यांनी आपापली उचलली आणि चटईआड गडप. एका क्षणात मोकळं मैदान. साहेब तिथे पेन धरून उभे, एकटे, समोर उंटाचं पिल्लू.

"मी काय केलं?" म्हणाले.

ड्रायव्हर हसत होता, तो आपल्यातलाच. म्हणाला, "साहेब, तुम्ही लेकरांवर बंदूक रोखलीत."

साहेबांनी फॉर्म मिटला. चिडले नाहीत, ते जास्त वाईट वाटलं. नुसते म्हणाले, "तलासो, मी प्रयत्न केला. संध्याकाळच्या आत मला परत पोचायचंय." आणि गाडीकडे वळले.

मी गाडीपुढे जाऊन उभी राहिले. खरंच! बॉनेटवर हात ठेवून. इतकं गरम होतं, हे बघ, तळवा अजून लाल आहे. डोक्यात काही नव्हतं, नुसतं त्यांनी जाऊ नये एवढंच. आणि तोंडातून आपोआप निघालं, "साहेब, आज आमचा पाण्याचा दिवस आहे!"

"मग?"

"एक दिवसाआड आमच्या सगळ्या शेळ्या लाल विहिरीवर येतात. दुपारपर्यंत. एकही कळप चुकत नाही, चुकला तर मरेल. आणि शेळ्यांबरोबर कोण येतं, साहेब?"

साहेब वळले. मग हळूच, "पोरं."

"मोजू नका. बोट दाखवू नका, पेन दाखवू नका. नुसतं पाळीपाळीने जे येईल त्याचं नाव लिहा. नाव लिहिलं की ओळ भरली ना?"

जिल्लो आबा काठी टेकत येत होता, ऐकत होता सगळं. तो बोलला तेव्हा सगळ्या चटयांमागच्या कुजबुजी थांबल्या. "नाव घ्यायला कोणाची ना नाही. नाव घेतलं की माणूस वाढतं. पाण्याजवळ बसायचं तर बसू दे त्याला. पण बोट उचललं तर बोट विहिरीत."

साहेबांनी हात खिशात घातले. दोन्ही! मला तेव्हा ते पहिल्यांदा आवडले.

विहिरीवर पोचलो तर गडी आधीच खाली उतरलेले, पायरीपायरीवर उभे, खालून वर बादल्या फेकतायत आणि गातायत. त्या गाण्यावरच हात चालतात, माहितीये ना, गाणं थांबलं की बादली पडते. शेळ्यांना प्यायची मातीची डोणी भरली. साहेबांना डोणीशेजारी दगडावर बसवलं, मी मागे उभी. आबाने काठी आपटली आणि हाक मारली, "अदानोच्या काळ्या कानांच्या शेळ्या!"

तिकडून शिट्टी, आणि शेळ्या धावत. शेळ्यांबरोबर पोरं, धुळीने पांढरी, पापण्यांपर्यंत पांढरी.

"नाव?" साहेब म्हणाले. खाली मान घालून. कोणाकडे न बघता!

"बोन्या. अदानोचा."

"आणि मी अरबे!"

ओळ भरली. पुढची भरली. मी म्हटलं चाललंय! चाललंय गं! आबा हाका मारतोय, "एलेमाची तांबडी! वारियोची शेपूटतुटकी!" आणि कळप येतोय, पितोय, उठतोय, पुढचा येतोय. पोरांना आधी भीती वाटली, मग त्यांच्यात गंमतच सुरू झाली, कोण मोठ्याने नाव सांगतो. एकाने आपलं, बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव सांगितलं. साहेब म्हणाले, "बाळा, ओळ संपली." तो म्हणाला, "मग माझा पणजोबा बाहेर उभा राहील का?" विहिरीतले गडीसुद्धा हसले, एक बादली पडली.

गुमातोची पाळी लवकरच होती. आली, नाव सांगितलं, नुसतं सांगितलं नाही, म्हणाली, "द्या, मी लिहिते." साहेबांनी भुवई उडवली, पण पेन दिलं. तिने लिहिलं. अक्षरं उलटीसुलटी, एक तर कडेला पडलेलं, पण लिहिलं गं! तिच्या शेळ्या पिऊन बाभळीखाली जाऊन बसल्या आणि ती येऊन माझ्या खांद्याला टेकली. फॉर्म बघत.

तिथंच घोळ झाला. त्या ओळींना आकडे छापलेले आहेत ना शेजारी? हिला आकडे येतात, मीच शिकवले. हिने बघितलं, खाली अजून किती ओळी कोऱ्या. मग वर बघितलं, लांबून येणारी धूळ किती उरली. आणि हिला वाटलं, नाही पुरणार. मला काही बोलली नाही. मी वळून बघते तर गुमातो गायब.

आबाने हाक मारली, "बाराकोच्या काळ्या!" बाराकोची शेळ्या राखणारी पोरगी कामे तापाने घरी, म्हणून शेळ्या तिचा म्हातारा काका आणत होता. पण कळपापुढे एक पोरगी! निळ्या कपड्यात डोक्यापासून नाकापर्यंत गुंडाळलेली.

"नाव?"

जाड आवाज काढून, "कामे. बाराकोची."

मी ओळखली ना! टाचेवरून ओळखली! साहेबांनी पेन टेकवलं. आणि मी, खरं सांगू का, मी बोलले नाही. एक ओळ, म्हटलं. एकच ओळ, कोण बघतंय.

आबाने काठी आडवी धरली. "थांब." त्याला दिसत नाही नीट, पण त्याने मान वाकडी केली. "ह्या शेळ्या हिच्या मागे येत नाहीत. म्हाताऱ्याच्या पुढे पळतायत. कामे, शिट्टी घाल बरं."

आपल्याकडे प्रत्येकाची शिट्टी वेगळी, शेळ्या तीच ओळखतात. आता दुसऱ्याची शिट्टी ऐनवेळी कुठून आणणार? तिने घातली. स्वतःचीच.

अगं, बाभळीखालच्या आमच्या शेळ्या, पोट भरून आडव्या पडलेल्या, सगळ्याच्या सगळ्या टुणकन उठल्या आणि बें बें करत धावत आल्या! सरळ साहेबांवर! डोणी हलली, फाईल उडाली, काळ्या नि पांढऱ्या शेळ्या एकमेकींत घुसल्या, आणि मध्ये साहेब, टोपी वाकडी, मांडीवर पुढचे पाय ठेवून एक शेळी उभी. तिच्या पाठीवर हे एवढं मोठं अक्षर! साहेबांनी ते बघितलं. शेजारचीवर बघितलं. तिच्या शेजारचीवर.

"हे काय आहे?"

"अक्षरं, साहेब," मी म्हटलं.

"कोणी लिहिली?"

निळ्या कपड्यातून हळूच एक हात वर झाला.

पण आबा! आबाचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. विहिरीतलं गाणं थांबलं होतं. कारण पाण्यावर पाळी चोरणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. त्यापायी भावाभावांत भाले निघालेत. आबा म्हणाला, "कोण आहे ती?"

"मी गुमातो, आबा."

"तुझी आधीची पाळी झाली होती?"

"झाली होती."

"मग ती गेली. साहेबा, खोड तिचं नाव."

"आजोबा," साहेब म्हणाले, "ती पोरगी तर तुमच्यासाठीच..."

"पाळी चोरली की आधीची मिळालेलीही जाते. माझ्या नातीची गेली असती तरी हेच. खोड!"

गुमातोने स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाव. साहेबांनी त्यावर रेघ मारली. सावकाश मारली. आणि मला म्हणाले, आबाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, "इतकी वर्षं मी शाळा तपासतोय. खोटी नावं मला मास्तरांनी दिली, हेडमास्तरांनी दिली. स्वतःची शाळा जात असताना खोटं नाव पकडून देणारा माणूस आज पहिल्यांदा बघितला." मग म्हणाले, "पण खोडलेली ओळ आम्ही धरत नाही. लक्षात ठेव."

म्हणजे एक ओळ वाया! माझ्या बहिणीमुळे! माझ्यामुळे, मीच नाही का गप्प बसले? गुमातो बाजूला जाऊन जमिनीवर बसली, डोकं गुडघ्यात. वाटो काकू तिच्या शेजारी जाऊन बसली. आणि मग तीच काकू, वांझ म्हातारी म्हणे, उठली आणि रानाकडे तोंड करून ओरडायला लागली! "ए तुलू! ए दाबासो! ए गल्गालो! या रे, पळा! पाणी निघालंय!" तिची पोरं गं! एकेकाचं नाव घेऊन, छातीतून! ती ओरडली तशी दुसरी ओरडली, मग माझी आई. सगळ्या आया टेकाडावर चढून नावं घ्यायला लागल्या, आणि लांबची धूळ पळायला लागली आमच्याकडे!

आता आबाला दम घ्यायला उसंत नाही. "जार्सोची ठिपक्यांची! बोरूची एकशिंगी!" कळपामागून कळप, पोरामागून पोर, साहेब लिहितायत, घाम फॉर्मवर पडतोय, मी ओढणीने टिपतेय. गडी खाली दुप्पट जोरात गातायत. मी ओळींकडे बघत नव्हते. शपथ, बघायची हिंमतच नव्हती. आणि मग आबाने काठी खाली टेकवली. मैदानात धूळ उरली नव्हती. सगळे कळप पिऊन बसले होते.

साहेब ओठ हलवून फॉर्म तपासायला लागले. तर आमच्या सगळ्या आयांनी कानात बोटं घातली! ऐकू येऊ नये म्हणून! मीही घातली. बी प्लस मिळवलेल्या मुलीने!

साहेबांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. पानावर खालपर्यंत नावं होती, कोरी एकही नव्हती, पण वरच्या बाजूला ती रेघ मारलेली ओळ होती ना. मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं. एका ओळीने. एका ओळीने चाललं होतं सगळं सरोवरापलीकडे.

"आजोबा," साहेब म्हणाले, "झालं?"

"झालं कसं?" आबा म्हणाला. जसं काही फार मूर्खासारखं विचारलंय. "पाळी चोरणाऱ्याला आम्ही मागे ढकलतो. तहानलेलं ठेवत नाही. शेवटची पाळी राहिलीये." आणि काठी आपटली. "गुमातोच्या लिहिलेल्या शेळ्या!"

अगं ती जी उठली! तोंडावर अश्रूंचे चर, शिट्टी घालायला ओठ जुळेनात. कशीबशी घातली. शेळ्या आल्या, पोटं टम्म, डोणीकडे बघून तोंड फिरवतायत, एक तर डोणीलाच टेकून झोपली. आणि आमची पोरगी ताठ उभी.

"नाव?"

"गुमातो."

साहेबांनी पेन तिच्या हातात दिलं. "ओळी संपल्यात. इथे लिही, खाली, समासात."

मला राहवेना. "साहेब, समासातलं चालतं?"

"ओळी सरकारच्या आहेत," म्हणाले. "समास माझा."

ती लिहायला लागली. शेवटचं अक्षर झालं आणि साहेबांनी फॉर्म मिटला, उभे राहिले, आणि नुसते म्हणाले, "फळा न्यायला उंट कोणाचा?"

बस! काय गोंधळ! आया नाचायला लागल्या, गडी विहिरीतून वर आले चिंब भिजलेले, आणि भांडण सुरू, "माझा उंट!" "तुझा लंगडा!" "तुझा चावतो!" आईने मला मिठी मारली आणि पाठीत एक धपाटाही घातला, कशासाठी ते विचारायला वेळच नव्हता.

साहेब मात्र फाईल घेऊन आबाशेजारी बसले. म्हणाले, "आजोबा, शाळेची वेळ लिहावी लागते. सकाळी पोरं नसतात, संध्याकाळी दमलेली. काय लिहू?"

आबाने बाभळीकडे मान केली. कळप पडून होते, डोळे मिटून, रवंथ करत. "पाणी प्यालं की शेळी बसते. ऊन कलल्याशिवाय उठत नाही. तोवर राखणाऱ्याला काम काय? एकमेकांना खडे मारतात. तो वेळ शाळेचा. पाण्याच्या दिवशी इथे, आडच्या दिवशी चराईच्या सावलीत. बाईने चालायचं, शेळ्यांनी नाही."

"हो आबा, चालते!" मी ओरडले.

"आणि शाळेची पाळी काळ्या कानांच्या आधी की नंतर, ते मी ठरवणार."

साहेबांनी वेळापत्रकाच्या रकान्यात लिहिलं, 'शेळ्या बसल्यापासून शेळ्या उठेपर्यंत.' वर सही केली. शिक्का मारला. हे बघ! आता बघ, हात पुसलास ना? वाच. मोठ्याने वाच!

त्याच गाडीतून काल इथे आले, आज सकाळी पेटी ताब्यात घेतली. कुलूप नवीन आहे, किल्ली गळ्यात बांधलीये. फळा लॉरीवर चढवला, उभा बांधलाय, आडवा ठेवला की लोक वर बसतात. गुमातोने खडू मागवलेत, रंगीत, पांढऱ्या शेळ्यांवर दिसतील असे. मी म्हटलं, गुपचूप फळ्यावर लिही आता!

ऐकलं का, हॉर्न! अगं पळ, काबाले, ती पुस्तकांची गाठोडी उचल! दार्मी, तू पुढे हो, ड्रायव्हरला थांबव, म्हणावं शाळेच्या बाईंना घेतल्याशिवाय हलायचं नाही. काय, कोण बाई? अगं बाई म्हणजे मी!